बाईंची स्पॅनिश: कार्ताहेनातले पंधरा दिवस

शनिवार, २५ जानेवारी

मायामीहून निघालेलं विमान तीन तासांच्या आत कार्ताहेनाला उतरलं. दार उघडलं आणि तोंडावर आली ती थेट ठाण्याची मे महिन्यातली हवा. फरक एवढाच, की इथे वारा होता. कोलंबियाच्या या कॅरिबियन किनाऱ्यावर डिसेंबर ते मार्च पाऊस जवळजवळ नसतो आणि वारा भरपूर असतो. अक्षांश म्हणाल तर १० उत्तर, म्हणजे आपल्या कोचीच्याच रेषेत.

स्पॅनिश शिकायला एवढ्या लांब का, हे सांगून टाकते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, वर्षभर ऑनलाइन क्लास केला, पण तोंड काही उघडेना. मुलगी अटलांटाला असते. तिच्याकडे जायला घेतलेल्या अमेरिकेच्या व्हिसावर कोलंबियात शिरता येतं. शिवाय माद्रिदपेक्षा हे स्वस्त. याहून उदात्त कारण नाही.

इमिग्रेशनच्या माणसाला घोकून ठेवलेलं वाक्य ऐकवलं: मी स्पॅनिश शिकायला आले आहे. तो खूश झाला आणि भराभर काहीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. मी हसले, त्यानं शिक्का मारला.

इथल्या टॅक्सीला मीटर नसतो. कुठून कुठे यावर भाडं ठरतं आणि ते बसण्याआधी विचारायचं असतं. मी बसल्यावर विचारलं. दुप्पट गेले असावेत. ड्रायव्हर मात्र गोड होता. वाटभर तो गावाबद्दल सांगत होता आणि गावाचं नाव दर वेळी ‘कात्ताहेना’ असं घेत होता. पुस्तकात ते ‘कार्ताहेना’ आहे. मला वाटलं त्याला र म्हणता येत नसावा.

राहायची सोय शाळेनं मांगा नावाच्या भागात एका घरी करून दिली होती. मांगा म्हणजे बेटच, पुलांनी गावाला जोडलेलं. जुनी मोठी घरं, पुढे ओटी. घराच्या मालकीणबाई ७१ वर्षांच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मला आत घेऊन त्यांनी आधी हातात ग्लास दिला: गुळाचं पाणी, वर लिंबू पिळलेलं, बर्फ घातलेला. इथे त्याला आग्वापानेला म्हणतात, पानेला म्हणजे उसाचा गूळ. दारात आलेल्याला गूळपाणी! २६ तास प्रवास करून मी आजोळीच पोचले की काय, असं क्षणभर वाटलं. मग त्या बोलायला लागल्या आणि पुन्हा काही कळेना.

रविवार, २६ जानेवारी

शाळा उद्या. सकाळी उन्हं चढायच्या आत पुएंते रोमान हा पूल ओलांडून हेत्सेमानीत गेले, तिथून तटबंदीच्या आतल्या जुन्या गावात. १५३३ साली पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदारानं हे बंदर वसवलं. तट, गढ्या आणि जुनं गाव १९८४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पिवळ्या-निळ्या भिंती, लाकडी सज्जे, त्यावरून लोंबणारी बोगनवेल. पणजीचं फोंताइन्हास पाहिलेल्याला अगदीच नवखं वाटणार नाही, फक्त इथे ते दहापट पसरलंय आणि दहापट गर्दी आहे.

सान पेद्रो क्लावेरच्या चर्चमध्ये बराच वेळ बसले. आफ्रिकेतून गुलाम भरून आणलेली जहाजं या बंदराला लागत, तेव्हा हा जेसुइट पाद्री त्यांच्याकडे अन्नपाणी घेऊन जायचा. तो १६५४ मध्ये वारला आणि १८८८ मध्ये संत ठरला. मला त्यातली एक गोष्ट भिडली: त्याच्याबरोबर दुभाषे असत, स्वतः गुलाम असलेले आफ्रिकी लोक, वेगवेगळ्या भाषा जाणणारे. संताचं नाव चर्चला मिळालं. तळघरात कोंबलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत पहिला शब्द बोलणारे दुभाषे कोण होते, हे भिंतीवर शोधत राहिले.

सोमवार, २७ जानेवारी

वर्ग हेत्सेमानीत, जुन्या घराच्या अंगणात. सकाळी चार तास. वर्गात एक जर्मन मुलगा, कॅनडाची निवृत्त नर्स, एक फ्रेंच जोडपं आणि मी. गुरुजी राजधानी बोगोताचे, तिशीतले, स्वच्छ बोलणारे. त्यांचं सगळं कळतं. म्हणजे माझे कान शाबूत आहेत.

पहिल्याच तासाला एक जखम झाली. वर्षभर ज्या ‘वोसोत्रोस’ची रूपं मी पाठ केली, ते ‘तुम्ही लोक’ इथे कुणी वापरतच नाही. स्पेनमध्ये वापरतात; माझं पुस्तक स्पेनचं. सहा काळांतली ती रूपं ठाणे ते मुंबई लोकलमध्ये घोकली होती मी. गुरुजी म्हणाले, विसरा.

पण दुसऱ्या तासाला भरपाई झाली. ‘गुस्तार’ हे क्रियापद आलं. इंग्रजीत ‘मी आंबे आवडवते’ छापाची रचना आहे, स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तान लोस मांगोस’: आवडणारे आंबे कर्ता, मी बिचारी बाजूला. गुरुजी इंग्रजीतून समजावत होते, फळ्यावर बाण काढत होते, नर्सबाई डोकं धरून बसल्या होत्या. जर्मन मुलानं तीनदा चूक केली. मी वहीत लिहिलं: मला आंबे आवडतात. झालं. ‘मला’, आणि क्रियापद आंब्यांच्या मागे जाणारं. एक आंबा असला तर आवडतो, अनेक असले तर आवडतात. ‘माझं डोकं दुखतं’ तेही जवळजवळ तसंच. वर्षभर मी हे इंग्रजीच्या खिडकीतून पाहत होते आणि मागचं दार उघडंच होतं!

त्याच वेळी वहीतली इंग्रजी अर्थांची बाजू खोडली आणि मराठी लिहायला घेतली.

मंगळवार, २८ जानेवारी

शाळेच्या वाटेवर थर्मासवाला भेटतो. सकाळी सातला त्यानं ‘तिंतो’ विचारलं आणि मी दचकले, कारण पुस्तकात तिंतो म्हणजे रेड वाइन. इथे तो कोऱ्या कॉफीचा छोटा कप. आणि मागायचा कसा? ‘मे रेगालास उन तिंतो?’ शब्दशः, मला एक कॉफी भेट देतोस का. पैसे अर्थातच द्यायचे. दुपारी झोप. संध्याकाळी गृहपाठ. डास.

बुधवार, २९ जानेवारी

आज ग्लास फुटला.

जेवण झाल्यावर भांडी विसळायला मदत करत होते. साबणाच्या हातातून काचेचा उंच ग्लास सुटला, मोरीत आपटला आणि त्याचे तुकडे झाले. मी घाबरून बाईंना म्हणाले, ‘रोम्पी एल बासो.’ व्याकरण शुद्ध: मी ग्लास फोडला. बाईंनी झाडू आणला, काचा गोळा केल्या, माझ्या हाताला लागलं नाही ना ते पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, असं नाही म्हणायचं. असं म्हटलं तर तू रागानं भिंतीवर आपटून फोडलास असं वाटतं. ‘से मे रोम्पिओ.’ म्हण पुन्हा.

से मे रोम्पिओ एल बासो. मी ओट्याला टेकून उभी राहिले. फोडला आणि फुटला! ग्लास फुटला, माझ्या हातून. आपल्याकडे तर सगळ्या जोड्या तयार आहेत: पाडणं-पडणं, तोडणं-तुटणं, फोडणं-फुटणं. लहानपणी आई विचारायची, ‘कुणी फोडली बरणी?’ आणि आम्ही म्हणायचो, ‘फुटली.’ किती शतकांची ही सोय आहे कोण जाणे, पण स्पॅनिश पोरांनीही ती शोधलेली दिसते. विसरले, हरवलं, सांडलं, सगळ्याला हेच ‘से मे’. बाईंनी भांडी पुसता पुसता दहा वाक्यं करून घेतली, प्रत्येक वाक्याला घरातली एक वस्तू उचलून दाखवून, आणि दर वेळी ती पाडल्याचा आव आणून. त्यांचा नऊ वर्षांचा नातू हसून हसून लोळला.

वाचणाऱ्यांनी ‘बाई’ हा शब्द माझा समजू नये. तो त्यांचाच आहे. या किनाऱ्यावर मुलं शिक्षिकेला ‘सेन्यो’ म्हणतात, सेन्योरा किंवा सेन्योरिता यांचं तुकडा पाडलेलं रूप. त्यांना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अख्खी गल्ली ‘सेन्यो’ म्हणूनच हाक मारते, भाजीवाल्यापासून. मराठी शाळेतली बाई. दुसरा शब्द मला सुचूच शकत नाही.

एक अडचण मात्र आहे. त्या मला ‘तू’ म्हणतात आणि मीही ‘तू’ म्हणावं असा त्यांचा हट्ट. इथल्या किनाऱ्यावर ‘तू’ पटकन येतं. उलट बोगोतात नवराबायकोही एकमेकांना ‘उस्तेद’, म्हणजे आदरार्थी तुम्ही, म्हणताना आढळतात, आणि मेदेयीनकडे तिसरंच ‘वोस’. पण ७१ वर्षांच्या बाईंना ‘अगं’ कसं म्हणायचं? माझी जीभ रेटत नाही. मी ‘उस्तेद’ म्हणते, त्या डोळे वटारतात.

गुरुवार, ३० जानेवारी

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचा कब्जा निखळला होता, म्हणून सुतार आला. तो बाईंना म्हणाला, ‘ला बिसाग्रा’ गेलीय. मी भाजी चिरता चिरता मान वर केली. बिजागरी? बिजागरीच! आपल्याकडे ती पोर्तुगिजांबरोबर आली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश चुलत बहिणी, म्हणून इथेही भेटली. त्या रात्री यादी केली: बादली म्हणजे बाल्दे, पपई म्हणजे पापाया, आणि पगार तर ‘पागार’, पैसे चुकते करणं. बँकेत ३० वर्षं दर महिन्याला एक स्पॅनिश क्रियापद खिशात घालत होते, पत्ता नाही.

पण आजची खरी गोष्ट दाराची. सुतार आणि बाई दोघंही दाराला ‘पुएत्ता’ म्हणत होते. पुस्तकात ‘पुएर्ता’. मला पहिल्या दिवशीचा टॅक्सीवाला आठवला: कात्ताहेना. म्हणजे त्याला र येत नव्हता असं नाही. इथे र पुढच्या व्यंजनात विरघळतो आणि ते व्यंजन दुप्पट होतं. माझ्या पिढीतल्या काही जणांनी शाळेत सोपे मार्क मिळतात म्हणून अर्धमागधी घेतलं होतं, मीही त्यातली. कर्म, कम्म, काम. कर्ण, कण्ण, कान. सर्प, सप्प, साप. तेव्हा हे नियम परीक्षेपुरते पाठ केले होते. आज कोलंबियातल्या एका स्वयंपाकघरात एक सुतार हातात स्क्रू धरून माझ्यासमोर प्राकृत बोलत होता.

उद्या वर्गात सांगायचं ठरवलंय.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सांगितलं. बोगोताचे गुरुजी सभ्यपणे हसले आणि म्हणाले, ते बरोबर उच्चार नव्हेत. संध्याकाळी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘काचाको!’ बोगोतासारख्या डोंगराकडच्या लोकांना किनाऱ्यावरचे काचाको म्हणतात. त्यात राग किती आणि लाड किती, हे माझ्या स्पॅनिशच्या पलीकडचं आहे. कोकणातल्या माणसानं ‘घाटी’ म्हणावं, त्या जातीचं असावं.

शनिवार, १ फेब्रुवारी

बाईंबरोबर बासुर्तोच्या बाजारात. गावाचा मुख्य बाजार हा. वर पत्रे, खाली चिखल, मासळी, मांस, औषधी पाल्याच्या जुड्या आणि मोठाल्या स्पीकरवर चांपेता संगीत. बाईंनी माझी पर्स स्वतःच्या काखेत मारली आणि ‘माझ्या मागे राहा’ म्हणाल्या, अगदी सहलीच्या मुलांना सांगतात तसं.

फळवाल्यापाशी मी थांबले. ढिगात चिकू! इथे त्याचं नाव निस्पेरो, दुधात घालून त्याचा रस पितात, म्हणजे आपला चिकू मिल्कशेक. डहाणू-घोलवडचा चिकू आपल्याला इतका घरचा वाटतो, पण मुळात तो इकडचा, मध्य अमेरिकेकडचा. पलीकडे युका रचून ठेवली होती. हीच आपल्या साबुदाण्याचा कंद. इथे तिच्या उकडलेल्या लगद्यात खिमा भरून तळतात, कारिमान्योला म्हणतात. एकादशीच्या दिवशी मी याबद्दल काही बोलणार नाही.

मग तूर. हिरव्या शेंगांचा ढीग आणि बाजूला सोललेले दाणे, नाव ग्वांदू. मी दाणा तोंडात टाकला आणि ओरडलेच. तूर मूळची आपल्याकडची; आफ्रिकेतून ती गुलामांच्या जहाजांबरोबर या किनाऱ्यावर आली. हे लोक ती अख्खीच शिजवतात, खारवलेल्या मांसाबरोबर दाट रस्सा करतात आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात गूळ-साखर घालून तिचं गोडही करतात. आम्ही ती वाळवून, भरडून, सालं काढून डाळ करतो म्हटल्यावर बाईंचा प्रश्न: ‘आणि सालांचं काय करता?’ गाईला घालतो, हे वाक्य मला बिनचूक जमलं.

दुपारी आरोस कॉन कोको, म्हणजे नारळाचा भात. नारळीभात मी शेकड्यांनी केला असेल, पण हा प्रकार वेगळाच. बाईंनी दोन नारळ फोडले, किसणीवर किसले. विळी नाही! माझा जीव हळहळला. विळीवर पाच मिनिटांचं काम किसणीवर अर्धा तास चाललं आणि बोटं सोलली. मग गरम पाणी घालून पिळून पहिलं दूध काढलं आणि ते जाड बुडाच्या पातेल्यात आटवायला ठेवलं. इथपर्यंत ओळखीचं. पण आपण दूध फाटू नये म्हणून जपतो, त्या ते मुद्दाम फाटू देतात. पाणी आटलं, तेल सुटलं, तळाशी चोथा राहिला. तो पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस, तांबूसचा थेट भाजलेल्या बेसनाच्या रंगाचा झाला. घरभर वास, तुपाची बेरी करतात तसा. ‘तितोते,’ बाई म्हणाल्या. त्या तांबूस कणांत गूळ, मग तांदूळ परतले, मग दुसरं पातळ दूध, मीठ. भात गडद बदामी झाला. हा गोडसर भात तळलेल्या माशाबरोबर खातात, बाजूला चपटे करून दोनदा तळलेले कच्च्या केळ्याचे पाताकोनेस. नारळीभात आणि मासा एका पानात! माझी आजी उठून गेली असती. मी दोनदा घेतला.

रविवार, २ फेब्रुवारी

आज कांदेलारिया, गावाची ग्रामदेवता म्हणावी अशी मेरी. तिचं ठाणं ला पोपा या दीडशे मीटर उंचीच्या टेकडीवर, १७व्या शतकातल्या मठात. एरवी ही टेकडी पायी चढू नका असं सगळे बजावतात; उतारावरच्या वस्त्या गरीब आहेत आणि वाटमारी होते. पण या दिवसांत पहाटेपासून माणसांची रीघ लागते. बाईंचे गुडघे दुखतात म्हणून मी त्यांच्या लेकीबरोबर आणि नातवाबरोबर साडेचारला निघाले. काळोखात मेणबत्त्या, अनवाणी बायका, कडेवर पोरं, मध्येच कुणाचा ढोल. जेजुरी चढल्यासारखं वाटलं, फक्त भंडारा नाही. वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. खाली अख्खं गाव, बंदरातल्या क्रेन, जुना तट आणि टेकडीच्या पायथ्याशी पत्र्यांची छपरं, एकमेकांना चिकटून.

उतरल्यावर फ्रितो, म्हणजे तळण. कांदेलारियाच्या दिवसांत गावात तळणाचा मेळाच भरतो. एका बाईपाशी मी उभी राहून आरेपा दे उएवो पाहिली. मक्याच्या पिठाची जाड पुरी तेलात सोडली, ती टम्म फुगली, तशी झाऱ्यानं काढली. कडेला सुरीनं चीर दिली. कपात फोडून ठेवलेलं अंडं त्या चिरेतून पोटात ओतलं, चिमूटभर कच्च्या पिठानं तोंड लिंपलं आणि पुन्हा तेलात. एक थेंब बाहेर नाही. हे सगळं शेजारणीशी भांडता भांडता, न बघता. बाजूच्या कढईत चवळीचे वडे होते. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून. तेही आफ्रिकेतूनच आलेले. कोथिंबीर-मिरची असती तर मी दादरला आहे असंच वाटलं असतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

श्रुतलेखनात दहापैकी चार. गुरुजींनी वही माझ्यासमोर धरली: सगळे शेवटचे स गायब. किनाऱ्यावर शब्दाच्या अखेरचा स श्वासात विरतो किंवा पडतोच, आणि मी बाईंच्या कानानं लिहीत होते. जर्मन मुलगा, ज्याला सगळं गाव ‘मोनो’ म्हणतं (इथे मोनो म्हणजे सोनेरी केसांचा, पुस्तकात मात्र माकड), त्याला नऊ मिळाले.

बाईंना वही दाखवायची हिंमत झाली नाही, पण नातवानं दाखवली. त्यांनी चश्मा लावला आणि मला धक्का बसला, त्या गुरुजींच्या बाजूनं उभ्या राहिल्या. बोलताना खा, लिहिताना खायचे नाहीत! ४० वर्षं पोरांना हेच सांगत आले. मग लाल पेन काढलं आणि प्रत्येक स स्वतः घातला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सान फेलिपेचा किल्ला. दुपारी जाऊ नये, सावली नाही. १७४१ मध्ये इंग्रजांचा अॅडमिरल व्हर्नन प्रचंड आरमार घेऊन आला, आणि एक डोळा, एक पाय गमावलेल्या आणि एका हातानं अधू झालेल्या स्पेनच्या ब्लास दे लेसोनं गाव राखलं. व्हर्ननच्या विजयाची पदकं आधीच पाडून झाली होती. आपल्याकडे चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्यानंतर दोनच वर्षांनी हे घडलं. तळाच्या बोगद्यांत गारवा होता, तिथेच बसले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

वर्गात सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका सांगणारं क्रियापदाचं रूप. त्याच्या धाकानं लोक स्पॅनिश सोडतात असं ऐकलं होतं. ‘किएरो के कोमास’: मला वाटतं, तू खावंस. नर्सबाई विचारत होत्या की हे रूप वेगळं का, खाणं तर तेच. मी त्यांना सांगू शकले नाही. मराठीत ‘तू खातोस असं मला वाटतं’ आणि ‘तू खावंस असं मला वाटतं’ यांत जो फरक आहे, तो इंग्रजीत कसा सांगायचा? पहिल्यात मी अंदाज बांधते, दुसऱ्यात ताट पुढे सरकवते. सगळीकडे हे जुळत नाही, संध्याकाळी सहा वाक्यं चुकली. पण भीती गेली.

रात्री ओटीवर झुलत्या खुर्च्या मांडून बसलो, तशी गल्लीतली प्रत्येक ओटी बसते. येणारा-जाणारा ‘अहा, ई एंतोन्से?’ म्हणतो, म्हणजे काय मग, कसं काय. उत्तरही ‘अहा’. या एका ‘अहा’त हो, नाही, बरं, पुढे काय, कळलं, पुरे, सगळं बसतं. मी दहा मिनिटं फक्त अहा म्हणत संभाषण केलं आणि समोरच्या काकांना शंका आली नाही.

गुरुवार-शुक्रवार, ६-७ फेब्रुवारी

पोट बिघडलं. भाताची पेज मागितली, बाईंनी चिकनचा रस्सा दिला. शुक्रवारी परीक्षा, पास. नातवानं विचारलं, तुमच्याकडे सेन्योला काय म्हणतात? ‘बाई.’ त्याला ते इतकं आवडलं की दिवसभर आजीला बाई, बाई करत होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पालेंकेला जायचं हे बाईंचंच सुचवणं. सान बासिलिओ दे पालेंके कार्ताहेनाहून साधारण ५० किलोमीटर. बसनं फाट्यावर उतरून पुढे मोटारसायकलच्या मागे बसून जायचं. पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेलं गाव. चौकात बेंकोस बिओहोचा पुतळा आहे, साखळ्या तोडून हात वर फेकलेला. त्याला १६२१ मध्ये कार्ताहेनात फाशी दिलं. जुन्या गावात रंगीत झगे घालून, डोक्यावर फळांची पाटी घेऊन फोटोला उभ्या राहणाऱ्या बायका याच गावच्या. त्यांची खरी विद्या गोडाची. ‘आलेग्रिया’ नावाचा त्यांचा लाडू असतो: भरडधान्याच्या लाह्या, गूळ, खोबरं, बडीशेपेच्या वासाचा मसाला. राजगिऱ्याच्या लाडवाचा सख्खा भाऊ. नावाचा अर्थ आनंद.

गावची भाषा वेगळी, पालेंकेरो. शब्द बहुतेक स्पॅनिश, हाडं आफ्रिकी, त्यात काँगोकडच्या किकोंगोचा वाटा मोठा. २००५ मध्ये युनेस्कोनं गावाच्या संस्कृतीला मान्यता दिली आणि शाळेत ही भाषा शिकवतात. गाव दाखवणाऱ्या तरुणाला म्हटलं, एक वाक्य शिकव. तो म्हणाला, ‘ई साबे नू.’ मला माहीत नाही.

स्पॅनिशमध्ये नकार क्रियापदाच्या आधी येतो: ‘नो से.’ इथे ‘नू’ शेवटी. ई साबे नू: मी जाणत नाही. शब्दाला शब्द, त्याच क्रमानं. मी त्याला म्हटलं, आमच्याकडेही नाही शेवटी येतं. तो म्हणाला, म्हणून दाखव. दाखवलं. त्यानं ‘माहीत नाही’ दोनदा म्हणून पाहिलं, झाडाखाली डोमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना ओरडून सांगितलं, आणि त्यातल्या एकानं सोंगटी आपटत विचारलं, मग तुम्ही कुणापासून पळालात?

मला उत्तर सुचलं नाही. ई साबे नू, म्हटलं. ते हसले.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाईंनी गुळाची ढेप वर्तमानपत्रात बांधून दिली. मी पहिल्यांदा त्यांना ‘तू’ म्हणाले: तू ठाण्याला ये. रडू येईल म्हणून त्या बिजागरीवाल्या दाराकडे गेल्या आणि ते उगाच उघडून मिटून पाहिलं.

टॅक्सी आली. बसण्याआधी भाडं विचारलं, घासाघीस केली, पहिल्या दिवसाच्या निम्म्यात ठरलं. गाडी वळली तसा नातू ओट्यावरून हात हलवत ओरडला, ‘बाई!’ तो मला बाय म्हणत होता, की आजीला हाक मारत होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.